रंगाखाली जाणार होती ती ओळ

झाशी, १४ डिसेंबर २०२४

ऋतुराज,

काय झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. लक्ष्मी गेटजवळच्या लांब भिंतीवर चित्र काढायचं काम तुला मिळालं होतं. शनिवारी तू भिंतीवर खुणा केल्यास. चौकटी आखायच्या नाहीत, भिंतभर वाटेल त्या रेघोट्या आणि अक्षरं काढायची, त्यांचा फोटो घ्यायचा, फोनमध्ये त्या फोटोवर चित्र ठेवायचं, आणि कोणत्या खुणेपाशी घोड्याचा कान येतो ते बघत रंगवायचं, ही तुझी पद्धत.

२. खुणा कशाही चालतात, म्हणून तू गल्लीतल्या लोकांच्या हातात ब्रश दिलेस आणि म्हणालास, "जो मन में है लिख दो, कल सब रंग के नीचे." हे मी स्वतः ऐकलं.

३. लोकांनी लिहिलं. क्रिकेटवाल्यांची नावं, नालीबद्दल एक शिवी, कोणी पिंपळाचं पान काढलं. तुमच्या शेजारच्या हरनारायणजींच्या मुलीनं, क्षमानं लिहिलं, "मुझे टहरौली नहीं जाना." तिथे तिचं लग्न ठरतं आहे. खाली नाव लिहिलं नाही.

४. शनिवारी उजेड होता तोवर तू वरून घोड्याचं डोकं आणि पाठ रंगवलीस. रविवारी सकाळी भिंतीवर चढायच्या तुझ्या लिफ्टची तपासणी झाली. मी केली. पाळण्याचा ब्रेक धरत नव्हता. काम थांबवलं.

५. ठेकेदारानं दुसरी लिफ्ट आणली नाही. ओळ उघडी राहिली.

६. बुधवारी टहरौलीहून मुलाचे काका हरनारायणजींच्या मसाल्याच्या दुकानी आले, मानिक चौकात. हळद, धणे, मिरचीच्या ढिगांत खोचलेल्या भावाच्या पाट्या क्षमाच लिहिते. तिथून ते चहाला घरी आले. वाटेत भिंत आहे. भिंतीवर तेच अक्षर होतं.

७. त्या संध्याकाळी क्षमाचा फोन काढून घेतला. दुकानात जाणं बंद झालं. हरनारायणजींनी स्वतः बादलीभर चुना आणून भिंतीवर मारला.

८. ठेकेदारानं काम बंद केलं. तू इंदूरला निघून गेलास. घोड्याला पाय नाहीत.

यात काही चुकीचं असेल तर क्रमांक टाकून कळव.

फोनवर मी पाठवलेलं तू वाचतोस आणि उत्तर देत नाहीस. म्हणून कागदावर लिहिते आहे. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, हरनारायणजींना तू सांगायचं की लिहा असं तूच सगळ्यांना म्हणाला होतास. मी सांगितलं तर ते मान हलवतात, त्यांना तू हवा आहेस. दुसरी, भिंतीपाशी तू क्षमाला म्हणाला होतास, "तेरा हाथ सोने का है, अगली दीवार पर बुलाता हूँ." ती त्यावर बसून आहे. बोलला असशील सहज. तिनं सहज ऐकलेलं नाही.

मामी बरी आहे. तुझ्या खोलीतले रंगाचे डबे जिन्याखाली ठेवलेत.

इरा

&nbsp;

इंदूर, २२ डिसेंबर

इराताई, प्रणाम.

चिट्ठी मिळाली. इथे सगळे हसले. कश्मिरा म्हणाली, कोर्ट का समन है क्या. कश्मिरा म्हणजे आमच्या टोळीची सरदार, कोणती भिंत कोणाला ते ती ठरवते. मी म्हटलं समनच आहे, माझी आतेबहीण आहे, क्रेनलासुद्धा नापास करते.

माझं मराठी तुला माहीत आहे. समजतं पूर्ण, लिहिताना गाडी घसरते. सांभाळून घे.

क्रमांक १, २ बरोबर. ३ मध्ये आईचं राहिलं. आईने लिहिलं होतं, "राजा, जेवून घे." त्याच्यावर घोड्याचं पोट येणार होतं. आणि घोडासुद्धा माझा नाही, हे पण लिही. मी हात काढणार होतो, मिरच्या वाळवणारे बायकांचे हात, इतके मोठे की ट्रकवाल्यांनी ब्रेक मारला पाहिजे. ठेकेदार म्हणाला, "भैया, हाथ बाद में, झाँसी है, पहले घोड़ा."

क्रमांक ४ वर मला बोलायचं आहे. रविवारी लिफ्ट चालली असती तर दुपारपर्यंत ती ओळ घोड्याच्या मानेखाली गेली असती. कोणाला कळलंच नसतं. एक दिन, ताई. फक्त एक दिन तू तुझं ते मीटर घरी ठेवलं असतंस. मी असं म्हणत नाही की तुझी चूक आहे. पण क्रमांक तूच लिहिलास, आणि ४ नंतरच ५ येतो.

असो. क्षमाचं मी विसरलेलो नाही. तिच्या हातात काय आहे तुला दिसत नाही, तू वजन बघतेस. तिचा "ह" बघ कधी. शेपटी खाली जाते, थांबते, आणि मग वळते, जशी बाई दारातून निघताना काहीतरी आठवून मागे बघते. हे शिकवून येत नाही. इथे मुलींची राहायची वेगळी सोय आहे, तीन मुली आहेत, जेवण एकत्र. कश्मिराशी बात चालू आहे.

तू एक काम कर. क्षमाकडून पूर्ण वर्णमाला लिहून घे. रुंद ब्रशने, खाकी कागदावर, मोठी. काना, मात्रा, सगळं. ती पाठव. हात बघितल्याशिवाय इथे कोणी कोणाला घेत नाही.

हरनारायण चाचांना मी येऊन भेटतो. संक्रांतीनंतर, पक्का. अशी गोष्ट फोनवर होत नाही.

तुझा
ऋतु

&nbsp;

झाशी, २ जानेवारी २०२५

ऋतुराज,

वर्णमाला सोबत आहे. घडी न घालता नळीत घालून पाठवते आहे. काढताना कडेनं ओढू नकोस.

ती कशी मिळवली ते सांगते, कारण पुन्हा मिळणार नाही. हरनारायणजींना मी म्हटलं की मला कामावर लावायला पाट्या हव्यात, "खतरा", "भार सीमा", अशा. छापील मिळतात हे त्यांना माहीत आहे. तरी ते गल्ल्यावरून म्हणाले, "आप कह रही हैं तो ठीक है बिटिया. पर घर में बैठ के."

मामीच्या माजघरात कागद पसरला. क्षमा आली तेव्हा तिच्यासोबत तिची आई होती, दाराशी मटार सोलत बसली. मामी म्हणाली, "भिंतीला कान असतात असं ऐकलं होतं. आमच्या मेल्यानं तिला तोंडही दिलं." क्षमाला मराठी येत नाही, पण इतकी वर्षं शेजारी राहून समजतं. ती हसली. तिची आई हसली नाही.

आधी तिनं माझ्या दोन पाट्या केल्या, मग वर्णमाला. लिहिताना ती बोलत नाही. एक ओळ झाली की मागे सरून बघते. मी तिला विचारलं की टहरौलीत काय वाईट आहे. मला वाटलं होतं मुलाबद्दल काही असेल. ती म्हणाली, "कुछ नहीं दीदी. लड़का भी ठीक है. पर उनके यहाँ दुकान पर औरतें नहीं बैठतीं." एवढंच. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, शेती आहे, घर मोठं आहे. तिला दुकानात बसायचं आहे आणि पाट्या लिहायच्या आहेत. दुसरं काही कारण नाही. लोक दुसरं कारण शोधत आहेत.

काका तेव्हा फार रागावलेही नव्हते. चहा पीत म्हणाले होते, "ऐसा क्या है टहरौली में बिटिया, एक बार आके तो देखो." राग हरनारायणजींना आला, कारण त्यांच्या दुकानाच्या पाट्यांवरचं अक्षर कोणीतरी रस्त्यावरच्या भिंतीवर वाचलं.

निघताना क्षमानं मला विचारलं, "इंदौर में ठंड कितनी पड़ती है?" मी फोनमध्ये बघून तापमान सांगितलं. घरी आल्यावर कळलं की ती तापमान विचारत नव्हती.

तुझ्या चारबद्दल. लिफ्ट त्या दिवशी चालली असती, किंवा तू खाली आला असतास. दोन्हींतलं काय झालं असतं ते ब्रेक सांगत नाही. तो फक्त धरतो किंवा धरत नाही. धरत नव्हता. उद्या पुन्हा तसाच दिसला तर उद्याही थांबवीन.

साखरपुड्याची गोदभराई संक्रांतीनंतर आहे, लग्न उन्हाळ्यात. म्हणजे वेळ आहे. कश्मिराला हरनारायणजींशी बोलायला सांग. बाईचा आवाज, राहायची जागा, काम काय, किती महिने, एवढं सरळ ऐकलं तर ते विचार करतील. "ना" म्हणण्याआधी ते मसाला दोनदा हुंगतात, हे त्यांच्याबद्दल सगळा बाजार जाणतो. पण त्यांच्यासमोर काही ठेवायला हवं. नुसतं "येतो" नको.

इरा

&nbsp;

इंदूर, २६ जानेवारी

ताई,

आलो नाही, माहीत आहे. शिव्या नंतर दे. आधी ऐक.

इथे स्टेशनच्या बाजूला एका तीन मजली इमारतीची पूर्ण आडवी भिंत मला मिळाली. मला. आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या चित्रांत आकाश भरत होतो. आयोजक म्हणाले, कुछ ऐसा दो जो शहर रुक के पढ़े. मी तीन चित्रं दाखवली, तिन्ही पडली. चिडून फोन उघडला आणि झाशीच्या भिंतीचा तो खुणांचा फोटो समोर आला. नाली, क्रिकेट, आईचं "जेवून घे", आणि मधोमध ती ओळ.

मी फोन फिरवला. आयोजक म्हणाले, बस, यही.

ताई, मी ती ओळ लिहिली. चित्र नाही, काही नाही. हळदीचा पिवळा रंग पूर्ण भिंतभर, आणि त्याच्यावर काळ्यात, तीन मजली, "मुझे टहरौली नहीं जाना." एक काना बदलला नाही. तू पाठवलेल्या वर्णमालेवरून प्रत्येक अक्षर मोठं केलं, ब्रश जिथे सुकला होता तो सुकेपणासुद्धा तसाच. "ह" ची शेपटी माझ्या उंचीपेक्षा मोठी आहे. झोपाळ्यावर बसून ती ओढताना मला रडू आलं, खरं सांगतो.

आणि खाली नाव दिलं. आमच्यात दुसऱ्याचं अक्षर उचलायचं आणि नाव नाही द्यायचं म्हणजे चोरी. असे लोक आहेत, मी नाही. खाली स्वच्छ लिहिलं आहे, "अक्षर : क्षमा, लक्ष्मी गेट, झाँसी." माझं नाव त्याच्यानंतर, लहान.

मुली येतात, भिंतीपुढे उभ्या राहून फोटो काढतात, टहरौलीच्या जागी आपल्या-आपल्या गावाचं नाव हातावर लिहून. कॉलेजच्या, नर्सिंगच्या, भाजीवाल्या. एक आजीबाई म्हणाली, "पचास साल पहले लिखना था." कालपासून सगळीकडे फिरते आहे. वरून क्लिअर कोट मारलाय, पाऊस, धूळ, पानाची पिचकारी, काही धरणार नाही. दहा साल हलत नाही ही भिंत.

क्षमाला सांग. म्हणावं, तू बाद में आएगी, तेरा हाथ पहले पहुँच गया.

तुझा
ऋतु

&nbsp;

झाशी, ३० जानेवारी

ऋतुराज,

भिंतीचा फोटो इथे पोहोचला आहे. नावासकट.

ओळ झाक. नाव झाक. पत्र मिळेल त्याच दिवशी. कारणं मी नंतर लिहीन, तुला ती आधी लागू नयेत.

क्षमाला मी काही सांगितलेलं नाही. तिला भेटू देत नाहीत.

इरा

&nbsp;

इंदूर, ८ फेब्रुवारी

ताई,

तुझी पाच ओळींची ऑर्डर मिळाली. जशी तू ठेकेदाराला देतेस.

आईचा फोन आला होता. लग्न फेब्रुवारीतच आहे असं म्हणाली. मला खरंच माहीत नव्हतं. मी विचारलं की माझ्यामुळे का, तर आई म्हणाली, "तू आता काही विचारू नकोस." आई असं कधी बोलत नाही.

पण तू समजून घे. भिंत आता माझी नाही. ८ मार्चला तिथे मोठा प्रोग्राम आहे, बाहेरचे लोक येणार आहेत, पत्रिका छापल्या. मी ब्रश घेऊन चढलो तर उद्यापासून मला कोणी डबा उघडायलासुद्धा बोलावणार नाही. सहा वर्षं मी दुसऱ्यांचं आकाश भरलं. ही पहिली भिंत आहे ज्याच्यावर माझं नाव आहे.

आणि एक गोष्ट, ही बहाणा नाही. आमचा एकच कायदा आहे. दुसऱ्याच्या कामावर रंग मारायचा नाही. ही ओळ क्षमाची आहे. तिच्या बापाने चुना मारला, तो एक. आता मी पण मारू? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? तिने स्वतः म्हटलं तर मारतो. तिच्या हाताने लिहून दे, मिटा दो. मग आयोजक गेले तेल लावत. तुझ्या सांगण्याने नाही.

तुला राग आला तर येऊ दे, पण विचारतो. तू या सगळ्यात काय केलंस? थांबवणं सोडून?

ऋतु

&nbsp;

झाशी, २५ फेब्रुवारी

ऋतुराज,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मी लिफ्ट थांबवली आणि वर्णमाला पाठवली. पहिल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसरी मी नळीत घालून, घडी पडू नये म्हणून काळजी घेऊन पाठवली. ते माझ्या लक्षात आहे.

आता इकडचं.

फोटो टहरौलीत आमच्याही आधी पोहोचला. बसस्टँडवर कोणीतरी मुलाला म्हणालं, "काए भैया, तुमाए इतै तौ कोऊ आबो नईं चाउत." तुमच्याकडे तर कोणी यायलाच मागत नाही, म्हणून लोक हसले. नुसती ओळ असती तर गावातली एक थट्टा झाली असती. खाली नाव होतं, मोहल्ला होता, शहर होतं. कोणती क्षमा हे कोणाला विचारावं लागलं नाही. तू चोर नाहीस हे सगळ्यांना कळलं.

मला वाटलं होतं ते लग्न मोडतील. मी त्यावर विसंबले होते, हेही सांगते. ते मोडले नाहीत. काका हरनारायणजींच्या दुकानात उभे राहून म्हणाले, "रिश्ता तोड़ दें तो दीवार सच्ची हो जाएगी. बिटिया आएगी, और जल्दी आएगी." हरनारायणजींनी त्यांचे पाय धरले. धण्याच्या ढिगात तेव्हाही क्षमाची पाटी होती. आता सगळ्या पाट्या काढल्या आहेत. गिऱ्हाइकं भाव विचारतात आणि ते तोंडानं सांगतात.

लग्न १६ तारखेला झालं. मामी आणि मी गेलो होतो. वरात तुझ्या भिंतीवरून आली. घोडीवरच्या मुलाला बिनपायांच्या घोड्यासमोर थांबवून लोकांनी फोटो काढले. मुलगा खाली बघत होता. तोही वाईट नाही. इतक्या जणांत मला एकही वाईट माणूस सापडला नाही, आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

चौथ्या दिवशी भाऊ बहिणीला माहेरी आणायला जातो, ती इथली रीत. क्षमाला पाठवलं नाही. म्हणाले, होळीला बघू. इथे नवी सून आणि सासू पहिली होळी एका घरात बघत नाहीत, सून माहेरी येते. तेवढी एक रीत तरी तिच्या बाजूची होती. म्हणून रविवारी तिची आई आणि मी टहरौलीला गेलो, होळीचं विचारायला. मला नेलं, कारण मी शिकलेली आहे आणि कमी बोलते.

सासूबाईंनी आम्हाला जेवू घातलं. चांगलं घातलं, आग्रह करून. मग म्हणाल्या, "बहन जी, दीवार पर लिखा है कि टहरौली नहीं जाना. अब भेज दें और लौटे नहीं, तो? पहले वो मिटवाओ." क्षमाच्या आईनं रीतीची आठवण दिली. त्या म्हणाल्या, "रीत हम नहीं तोड़ेंगे. होली पर मैं अपनी बहन के घर चली जाऊँगी." म्हणजे सून इथेच राहणार. रीत त्यांनी पुरी पाळली आहे. मला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही, आणि मी शोधली.

क्षमा स्वयंपाकघरात होती. पाणी प्यायला मी आत गेले, त्या निमित्तानं आम्ही बोललो. तिनं इंदूरचं काही विचारलं नाही. ठीक आहे म्हणाली. तू सांगितलेलं मी तिला सांगितलं. तू झाकशील, पण तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं तर. तुझा कायदाही सांगितला, जसाच्या तसा. ती ऐकून घेत होती, पोळी लाटत. मग म्हणाली, "भैया ने पहले पूछा होता, तो ये नियम अच्छा था."

मी पर्समधून पेन आणि कागद काढला. तिनं पेन डाव्या हातात घेतलं. मला वाटलं उजव्याला पीठ आहे. लिहायला तिला फार वेळ लागला. अक्षरं पडत होती, "मि" ची वेलांटी तिनं दोनदा केली. मी म्हटलं, हात धुऊन घे. ती म्हणाली, "नहीं दीदी. अब दाहिने से नहीं लिखती. दाहिना सब पहचानते हैं."

ती चिठ्ठी सोबत आहे. "मिटा दीजिए. क्षमा." पहिलीतल्या मुलानं लिहिल्यासारखी दिसेल. तिच्यात तुझा तो "ह" नाही, आणि असता तरी तुला तो ओळखू आला नसता. हे तिचंच अक्षर आहे. आता एवढंच आहे. तू म्हणाला होतास तिच्या हातानं लिहून दे, म्हणून दिलं आहे. कोणत्या हातानं, ते तू म्हणाला नव्हतास.

कालच मी कश्मिराला फोन केला. नंबर कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आहे. मी क्षमाचं नाव सांगितलं तर ती म्हणाली, "क्षमा सचमुच है? मैं समझी ऋतु ने बनाया है." मी विचारलं, टोळीत घ्यायचं काही बोलणं झालं होतं का. ती म्हणाली की नाही, कोणी विचारलंच नाही, त्या तीन मुलींच्या खोलीत चौथी गादी डिसेंबरपासून रिकामी आहे. तिनं मला दोनदा विचारलं की ती मुलगी आता येऊ शकेल का. मी नाही म्हटलं. यावर मला तुझ्याकडून काही नको आहे. स्पष्टीकरणही नको.

कश्मिरा म्हणाली की भिंतीला हात लावायचा तर ज्यानं ती रंगवली तोच लावू शकतो, ती अडवणार नाही आणि आयोजकांना विचारणारही नाही. म्हणजे ते तुझ्यावरच आहे.

कामाचं. तुझ्या क्लिअर कोटवर रंग धरणार नाही, पापुद्र्यासारखा निघेल आणि खालून ओळ पुन्हा दिसेल. आधी पॉलिश पेपरनं घासून सगळी चमक मार. मग प्राइमर. मग पिवळ्याचे दोन हात. काळा रंग एका हातात दबत नाही. पूर्ण भिंत जमली नाही तर "टहरौली" आणि खालची नावाची ओळ घे, बाकीचं राहू दे, त्या मुली आपापल्या गावांची नावं लिहितील. झोपाळा वापरणार असशील तर वर जाण्याआधी जमिनीपासून हातभर उचलून थांब आणि ब्रेक धरतो का बघ. धरत नसेल तर चढू नकोस. दुसरा मागव.

झाल्यावर दिवसा काढलेला फोटो पाठव, ज्यात बाजूची इमारत दिसेल. टहरौलीत दाखवायला लागेल. त्यांनी तो पाहिला तरी ते तिला पाठवतीलच असं मी म्हणू शकत नाही. क्षमाच्या आईला वाटतं पाठवतील. तिनं पलंगावर चादर घालून ठेवली आहे.

सात मार्चला होलाष्टक लागतं. त्यानंतर होळीपर्यंत इथे कोणी सून पाठवत नाही, कोणी आणत नाही.

झाकणार आहेस की नाही, एवढंच, सहा मार्चपर्यंत कळव.

इरा